मुद्रा, मूर्ती आणि साचा : पेणचे गणेशकारखाने व सार्वजनिक उत्सवाची दृश्य-ओळख

१

एखाद्या सार्वजनिक संस्थेची ओळख लोकांच्या मनात ठसवावयाची, तर तिचे चिन्ह एकच असावे, ते सर्वत्र सारखेच उमटावे आणि कालमानाने त्यात फरक पडू नये, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राजमुद्रा, नाणे आणि कचेरीचा शिक्का ह्यांच्या सहवासात ही समजूत वाढली आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र दृश्य-संकल्पनाच्या क्षेत्रात तिच्या उलट दिशेने विचार झालेला दिसतो. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील कार्ल गेर्स्टनर ह्या संकल्पकाने १९५९ च्या सुमारास ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानासाठी जे चिन्ह योजिले, त्याच्या चौकटीची लांबी-रुंदी कामानुसार बदलत असे. घटकांचे परस्परसंबंध मात्र कायम राहत. ह्यामागील तत्त्व त्याने १९६४ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. संकल्पकाने एक उत्तर न देता उत्तरे निर्माण करणारा नियम द्यावा, असा त्याचा आशय होता. पोर्तुगालमधील पोर्तो येथील ‘कासा दा म्युझिका’ ह्या संगीतगृहासाठी श्टेफान साग्मायस्टर ह्याने २००७ मध्ये ह्याच मार्गाने ओळख घडविली. त्या वास्तूचा अनेक पैलूंचा आकार हेच तिचे चिन्ह ठरले. ते निरनिराळ्या बाजूंनी दिसते, प्रसंगानुसार रंग बदलते आणि तरीही ओळखू येते.

ही कल्पना आपल्याकडे नवी म्हणून शिकविली जाते. प्रस्तुत निबंधात असे दाखवावयाचे आहे की, बदलत्या रूपांतून टिकणाऱ्या ओळखीचा व्यवहार पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पेण गावात व त्याच्या आसपास एका शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. त्याची उपपत्ती तेथे कोणी लिहून ठेवली नाही. परंतु कारखान्यांतील बोलीत ती स्पष्टपणे उतरली आहे. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयाला हात घालण्याचे कारण हेच होय.

आरंभीच एक शंका दूर केली पाहिजे. गणेशमूर्ती ही उपास्य वस्तू आहे, तिला संस्थेचे चिन्ह कसे म्हणावे? ह्याचे उत्तर व्यवहारातच मिळते. प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती ही कारागिराची कृती असते आणि कारखान्यात तिचा उल्लेख ‘माल’ असाच होतो. ह्या उल्लेखात अनादर नाही. पूजेची मूर्ती आणि घडणीतली मूर्ती ह्या दोन पातळ्या भाषेने वेगळ्या ठेवल्या आहेत, एवढेच त्यावरून समजावे. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या पातळीपुरतेच मर्यादित आहे.

२

ज्या सांस्कृतिक स्थळाच्या ओळखीचा येथे विचार करावयाचा आहे ते स्थळ म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाचा मंडप. पुण्यात भाऊसाहेब रंगारी ह्यांचा सार्वजनिक गणपती १८९२ मध्ये बसला, १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ह्या उत्सवाचा पुरस्कार केला, त्याच वर्षी मुंबईत गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत उत्सव सुरू झाला. मेळ्यांची पदे, कीर्तने, व्याख्याने आणि पुढे नाटके व देखावे ह्यांमुळे मंडप हे शहरातील सामान्य माणसाचे नाट्यगृह, सभागृह व प्रदर्शनगृह बनले.

नाट्यगृहाशी तुलना केल्यास मंडपाचा एक विशेष ध्यानात येतो. त्याला वास्तू नाही. भाद्रपदातील दहा-अकरा दिवस तो रस्त्यावर वा चाळीच्या चौकात उभा राहतो आणि अनंतचतुर्दशीनंतर त्याचे बांबूसुद्धा उरत नाहीत. ज्या स्थळाला दर्शनी भिंत नाही, कायमचे प्रवेशद्वार नाही, फार काय पुढच्या वर्षी त्याच जागेची खात्रीही नाही, त्याने आपली ओळख ठेवावी कोठे? ती मूर्तीत ठेवली गेली. आणि जेथे मूर्तीचेही विसर्जन होते तेथे ती मूर्तीच्या रूपात, म्हणजे दरवर्षी स्मरणातून नव्याने घडवाव्या लागणाऱ्या एका आकृतिबंधात ठेवली गेली.

ह्या दृष्टीने पाहता सार्वजनिक गणपतींचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात मूर्ती कायम असते आणि परिसर बदलतो. पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीची आजची मूर्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीची. ती तीच राहते आणि तिच्याभोवती दरवर्षी एखाद्या मंदिराची प्रतिकृती वा काल्पनिक महाल उभा केला जातो. दुसऱ्या प्रकारात मूर्ती दरवर्षी नवी, परंतु रूप तेच असते. मुंबईतील ‘लालबागचा राजा’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. हे मंडळ १९३४ चे. आठ दशकांहून अधिक काळ कांबळी घराण्याच्या हातून त्याची मूर्ती घडत आली आहे. सिंहासनावरील तीच ऐसपैस बैठक आणि तोच चेहरा पाहण्यासाठी लोक येतात. मूर्ती गेल्या वर्षीची नाही हे ठाऊक असूनही ती ‘तीच’ आहे असे मानतात. तिसऱ्या प्रकारात रूपही दरवर्षी बदलते. कधी गणपती विठ्ठल होतो, कधी खंडोबा, कधी कृष्ण. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत तो राष्ट्रपुरुषांच्या वेषातही आला.

तिसरा प्रकार सर्वांत खेळकर आहे आणि त्याच्यावर टीकाही सर्वांत अधिक झाली आहे. देवाला सोंग देणे योग्य आहे काय, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न निराळा उभा राहतो: इतके बदल होऊनही पाहणाऱ्याला तो गणपतीच आहे हे क्षणार्धात कसे कळते?

३

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषेची व्यवस्था आणि प्रत्यक्ष उच्चार ह्यांत भेद करण्याची रीत रूढ झाली आहे. बोलणारे शेकडो, उच्चार असंख्य; तरी शब्द ओळखू येतो, कारण ओळख ही उच्चाराच्या तंतोतंतपणावर अवलंबून नसून भेदक लक्षणांवर अवलंबून असते. गणेशरूपाचेही तसेच आहे. अथर्वशीर्षात देवाची जी लक्षणे सांगितली आहेत — एक दात, चार हात, पाश, अंकुश, मूषकाचा ध्वज, मोठे उदर, सुपासारखे कान, रक्तवर्ण — ती सारखीच बंधनकारक नाहीत. पेणच्या मूर्तींची अंगकांती बहुधा गुलाबीसर असते, रक्तवर्ण नसते. त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. मूषक ध्वजावर नसून पायापाशी असतो. हत्तीचे मस्तक मात्र अपरिहार्य. आणि ते असले की बाकीच्या पुष्कळ गोष्टी सुटल्या तरी चालतात.

म्हणजे केवळ ‘स्थिर’ व ‘चल’ असे दोन भाग करून भागत नाही. वैकल्पिकतेलाही पायऱ्या आहेत. येथे पाणिनीची आठवण होते. विकल्प सांगताना पाणिनी ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द वापरतो. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की ह्यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, ‘वा’ म्हणजे ‘शक्यतो असे’, ‘विभाषा’ म्हणजे ‘शक्यतो असे नको’, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे ‘दोन्हींपैकी काहीही’. अष्टाध्यायीपुरते हे मत सर्वमान्य झालेले नाही. परंतु ही त्रिविध विभागणी पेणच्या व्यवहाराला चपखल लागू पडते.

गजमुख हा नित्य नियम. त्याला विकल्प नाही. सोंड डावीकडे वळलेली असणे हा ‘वा’चा प्रकार: घरगुती मूर्तीत बहुतेकांची पसंती तिलाच. उजव्या सोंडेचा गणपती हा ‘विभाषा’चा प्रकार. तो निषिद्ध मुळीच नाही. मुंबईत प्रभादेवीला १८०१ मध्ये स्थापन झालेला सिद्धिविनायक उजव्या सोंडेचाच आहे. परंतु त्याचे सोवळे कडक मानले जाते; म्हणून घरात आणताना गृहस्थ विचार करतो आणि कारखानदारही तशा मूर्ती सहसा मागणी आल्यावरच घडवितो. पितांबराचा रंग, मस्तकी मुकुट की फेटा, बैठक चौरंगाची, पाटाची, सिंहासनाची की लोडाला टेकलेली, ही ‘अन्यतरस्याम्’ची क्षेत्रे होत. मूर्तिकाराचा सारा खेळ येथे चालतो. फेटा कोल्हापुरी धाटणीचा की पुणेरी पगडीचा डौल त्याला द्यावयाचा, हे तो ग्राहकाच्या आणि स्वतःच्या मर्जीवर सोडतो.

हे व्याकरण आधुनिक काळात निर्माण झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’त गणपतीची ३२ रूपे चित्रित केली आहेत, त्यांत हात, वर्ण, आयुधे व बैठक ह्यांची अदलाबदल करून एकाच देवतेची बत्तीस पृथक् रूपे साधलेली दिसतात. मराठीत तर ह्याहून धीट उदाहरण आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’च्या मंगलाचरणात ज्ञानेश्वरांनी गणेशाच्या प्रत्येक अवयवस्थानी वाङ्मयाचा एकेक भाग बसविला आहे: अठरा पुराणे ही भूषणे, सहा दर्शने हे हात, आणि अकार, उकार व मकार ही अनुक्रमे चरण, उदर व मस्तक. अवयवांची स्थाने तीच ठेवून त्यांतील पूरके समूळ बदलली, तरी मूर्ती ओळखू येते. स्थान आणि पूरक ह्यांच्या भाषेत वाक्यरचनेचे वर्णन विसाव्या शतकाच्या मध्यास भाषाशास्त्रज्ञ करू लागले. मूर्तीच्या बाबतीत तेच तंत्र मराठी वाचकाच्या अंगवळणी सात शतके पडलेले आहे.

त्या मानाने अलीकडचे एक उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि पाठोपाठ त्या खंडोबाच्या वेषातील गणपतींची मागणी पेणच्या कारखान्यांकडे येऊ लागली. २०१५ च्या ‘बाहुबली’ चित्रपटानंतर तसेच घडले. ह्या मूर्तींत वेष, पवित्रा व शस्त्र ही पूरके त्या वर्षाची होती. सोंड, कान व उदर ही स्थाने नेहमीचीच होती. म्हणूनच ह्या लाटा आल्या आणि ओसरल्या, तरी गणेशरूपाची ओळख त्यांत बुडाली नाही.

४

पेण हे भोगावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. तेथे मूर्तिव्यवसायाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ धरले, असे मानले जाते. त्याच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडतात. पुढे हमरापूर, जोहे व आसपासच्या गावांत तो पसरला. आज लाखांनी मोजाव्या इतक्या मूर्ती ह्या परिसरातून बाहेर पडतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उत्सवाच्या कित्येक महिने आधीच जहाजावर चढतात. काम बारमाही चालते: साच्यातून मूर्ती ‘काढणे’, सांधे जुळवून घासणे, पांढरा हात देणे, अंगाचा रंग, सोवळे-शेल्याचे रंगकाम, आणि शेवटी डोळ्यांची ‘आखणी’. आखणी करणारा हात वेगळा असतो आणि त्याला मान असतो, कारण मूर्तीची नजर तो देतो.

अशा कारखान्यात मोसमापूर्वी उभे राहिले असता जी भाषा कानी पडते ती अभ्यासनीय आहे. ‘दोन फुटी दगडूशेठ’, ‘एक फुटी लालबाग’, ‘टिटवाळा’, ‘चिंतामणी’ अशी मागणी नोंदविली जाते. ही सर्व मुळात विशेषनामे आहेत. दगडूशेठ हे पुण्यातील मिठाईच्या व्यापाऱ्याचे नाव, लालबाग हा मुंबईतील गिरणगावचा भाग, टिटवाळा हे कल्याणपलीकडचे देवस्थान, आणि ‘चिंतामणी’ ह्या नावाने चिंचपोकळीचे १९२० चे मंडळ ओळखले जाते. कारखान्याच्या बोलीत मात्र ती सामान्यनामे झाली आहेत: त्यांना संख्याविशेषण लागते, मापाचे विशेषण लागते, ‘यंदा लालबाग कमी काढले’ असे अनेकवचनही होते. व्यक्ती व स्थळ मागे पडून केवळ रूप उरले आहे.

मराठीला ही अर्थप्रक्रिया परकी नाही. पैठणी हा शब्द पैठणवरून आला. आज ती मुख्यतः येवल्यास विणली जाते, तरी तिला कोणी येवलेकरीण म्हणत नाही. त्याच न्यायाने लालबाग पेणला घडते आणि न्यू जर्सीतील एखाद्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात बसते. ‘पेणचा गणपती’ हे पद स्वतः त्याच वाटेने गेले आहे; मुंबईच्या बाजारात ते गावाचा निर्देश करण्यापेक्षा घडणीतील सफाईचा निर्देश अधिक करते.

ह्या नामांतराचा इतिहासदृष्ट्या अर्थ काय? मंडपाची ओळख मंडपापाशी राहिली नाही. मंडळाने आपले रूप जाहिरातीने पसरविले नाही. ते पेणच्या साच्यांनी घरोघरी पोचविले. एखाद्या संगीतगृहाचे चिन्ह पत्रकावर वा प्रवेशिकेवर छापलेले असते. सार्वजनिक गणपतीचे चिन्ह भाविक स्वतः विकत घेऊन, डोक्यावरून घरी आणतो आणि त्याची आरती करतो. ओळखीचा इतका खोल प्रसार कोणत्याही आखलेल्या योजनेला साधल्याचे दिसत नाही. तो साधला तो सर्वसामान्य व्याकरणामुळे: मंडळाचे रूप हे मुळात सर्वांच्या गणेशरूपाचेच एक वळण होते, म्हणून ते घरच्या पाटावर उपरे वाटले नाही.

५

ह्या चित्राची दुसरी बाजू पाहण्यासाठी पेणहून दक्षिणेकडे, त्याच लोहमार्गावरील रोह्यास गेले पाहिजे. कुंडलिकेकाठच्या ह्या गावापासून कोकण रेल्वे सुरू होते. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. नवरात्रानंतर त्यांची पालखी गावातून निघते आणि तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. ही प्रथा इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. येथे रूपांची अदलाबदल नाही. धावीर महाराजांची ओळख पालखीच्या क्रमात, मानाच्या परंपरेत आणि दरवर्षी त्याच रीतीने झडणाऱ्या मानवंदनेत आहे. पेणची ओळख बदलातून टिकते, रोह्याची पुनरावृत्तीतून. दोन्ही उत्सवच आहेत; म्हणून एकीला सजीव आणि दुसरीला निर्जीव म्हणता येणार नाही. ज्या ठिकाणी मान व अधिकार ह्यांची साक्ष द्यावयाची असते, तेथे तंतोतंतपणा हाच गुण ठरतो.

रोह्याशी निगडित असलेले एक मोठे नाव ह्या संदर्भात सहज आठवते. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ मध्ये रायगडाजवळील नाते येथे झाला. त्यांचे घर रोह्याचे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ज्या बँकेचे ते प्रमुख झाले तिच्या मुद्रेचा इतिहास उद्बोधक आहे. १९३५ मध्ये बँक स्थापन झाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह व ताडाचे झाड ही आकृती आधाराला घेतली गेली आणि सिंहाच्या जागी भारताला अधिक साजणारा वाघ घालण्यात आला. म्हणजे मुद्रेच्या घडणीतही स्थान कायम ठेवून पूरक बदलण्याचेच तंत्र वापरले गेले. परंतु एकदा वाघ बसल्यावर तो दरवर्षी वेष बदलू शकत नाही. नोटेवरील वाघाने खंडोबाचा अवतार घेतला, तर ती नोट कोणी घेणार नाही. मुद्रेचे काम खोटेपणाला आळा घालण्याचे आहे. मूर्तीचे काम सान्निध्य घडविण्याचे.

परंतु मराठी भाषेने ह्या दोन कल्पना एकमेकींपासून पूर्णपणे तोडलेल्या नाहीत. ‘मुद्रा’ म्हणजे छाप, शिवछत्रपतींच्या अष्टकोनी राजमुद्रेसारखी अविकारी. आणि ‘मुद्रा’ म्हणजे चेहऱ्यावरचा क्षणोक्षणी पालटणारा भाव, नर्तकाच्या हाताची बदलती खूण. एकाच शब्दात शिक्का आणि भाव दोन्ही नांदतात. उलट ‘मूर्ती’ हा शब्द, ज्याला आपण रूपवैविध्याशी जोडतो, तो मूळ ‘मूर्छ्’ म्हणजे घट्ट होणे, गोठणे ह्या धातूशी निगडित आहे. अमरकोशातही त्याचे अर्थ काठिण्य व शरीर असे दिलेले आहेत. चिंतामणरावांनी उत्तरायुष्यात ह्याच अमरकोशातील निवडक भागाचा इंग्रजी परिचय करून दिला, हा योगायोग रोहेकरांना सुखावणारा आहे. सारांश, मुद्रेत भाव असतो आणि मूर्तीत काठिण्य असते. स्थिर आणि चल ह्यांचे प्रमाण ठरविणे, हेच ओळख घडविणाऱ्याचे खरे कौशल्य होय.

६

ह्या प्रमाणाचा तोल आज पेणला डळमळतो आहे. त्याचे कारण समजण्यासाठी साच्याचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

शाडूची मूर्ती घडविताना गुजरातेतून आलेली माती मळून साच्यात हाताने दाबावी लागते. साचा ताठर असे. खोल कंगोरे त्यातून सुटत नसत. त्यामुळे साच्यातून निघणारी मूर्ती अर्धवटच असे. हात, आयुधे आणि दागिन्यांचे तपशील पुष्कळदा स्वतंत्र घडवून जोडावे लागत वा कोरावे लागत. एका साच्यातल्या दहा मूर्ती दहा हातांतून बाहेर पडल्यावर दहा तऱ्हेच्या होत. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि रबरी साचा आला. प्लास्टर काही मिनिटांत धरते, हलके असते, पोकळ ओतता येते. रबर वाकत असल्यामुळे बारीकसारीक नक्षीही साच्यातूनच जशीच्या तशी उतरते. उत्पादन वाढले, किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली, लांबचा प्रवास शक्य झाला आणि हजारो कुटुंबांना काम मिळाले, हे लाभ लहान नाहीत. परंतु साचा लवचीक झाला आणि रूप मात्र पूर्वीपेक्षा ताठर झाले, हेही नाकारता येत नाही. ग्राहकाला हवी असलेली ‘लालबाग’ आता शेवटच्या मण्यापर्यंत सारखी निघते. कारागिराच्या स्वातंत्र्याला रंग आणि आखणी एवढाच अवकाश उरतो.

भाषेने हा धोका पूर्वीच ओळखला आहे. ठरीव विचाराला आणि निर्जीव लेखनाला मराठीत ‘साचेबंद’ म्हणतात. फ्रेंचमधील ‘क्लिशे’ आणि इंग्रजीतील ‘स्टिरिओटाइप’ हे शब्दही मुद्रणातील ओतीव पट्ट्यांवरूनच आले आहेत. व्याकरण अनंत वाक्ये देते; साचा एकच वाक्य अनंत वेळा देतो. पेणचे यश व्याकरण आणि साचा ह्यांच्या सहकार्यात होते. त्यांपैकी एक वरचढ झाला की ओळख केवळ छाप होऊन बसते.

दुसरी घडामोड माध्यमाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनासंबंधी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अशा मूर्ती घडविण्यास वाट मोकळी केली, तथापि नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर निर्बंध ठेवले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांत करण्याचा आदेश झाला. पाण्याची काळजी रास्तच आहे, आणि ज्यांचे वर्षभराचे भांडवल कच्च्या मूर्तींत अडकलेले असते त्यांची काळजीही रास्त आहे. त्या वादात निर्णय देणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय नव्हे. रूपाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. माध्यम बदलले की व्याकरणही बदलते. उंच पवित्र्याची, पुढे झेपावलेली, एका पायावर तोललेली मूर्ती प्लास्टरमध्ये सहज उभी राहते. शाडूत ती तडकते वा ढासळते. शाडूकडे परतताना बैठ्या, भरीव, अंगासरशी हात असलेल्या रूपांना झुकते माप मिळेल आणि गेल्या चाळीस वर्षांतील कित्येक खेळकर रूपे मावळतील. त्याच वेळी हाताने जोडण्या-कोरण्याचे काम पुन्हा वाढेल आणि ज्या जुन्या हातांना ते येते त्यांना पुन्हा मोल येईल, अशीही शक्यता आहे.

ही रूपे सहसा जपली जात नाहीत. मूर्ती विसर्जित होते. ते तिच्या विधीतच आहे. मागे उरतो तो साचा. प्लास्टरचा साचा झिजतो, रबरी साचा चिकटू व फाटू लागतो, आणि मागणी संपलेल्या रूपाचा साचा जागा अडवितो म्हणून टाकून दिला जातो. त्यानंतर उरते ते नाव, तेही ज्यांनी त्या मोसमात ते उच्चारले त्यांच्या स्मरणापुरते. मोल्सवर्थ आणि त्याच्या सहकारी शास्त्र्यांनी मराठी शब्द गोळा करून १८३१ मध्ये कोश सिद्ध केला, म्हणून त्या काळच्या व्यवसायांची परिभाषा आज आपल्या हाती आहे. तसाच रूपनामांचा एक कोश पेण, हमरापूर व जोहे येथील कारखान्यांतून तयार करणे शक्य आहे. प्रत्येक रूपाचे कारखान्यातील नाव, ते रूढ झाल्याचे साधारण वर्ष, त्याचा उगम कोणत्या मंडळात, देवस्थानात वा चित्रात आहे, त्यातील कोणती लक्षणे सोडता येत नाहीत, कोणती शक्यतो पाळतात, कोणती टाळतात आणि कोणती मर्जीवर सोडतात, एवढी नोंद प्रत्येक रूपाखाली असावी. चित्र हवेच, परंतु नाव आणि नियम ह्यांवाचून चित्र मुके राहील.

हे काम एका विद्वानाच्या खोलीत होणारे नाही. पौष-माघात, कारखान्यात घाई नसताना, दोन-दोन विद्यार्थ्यांनी जाऊन बसावे, आखणी करणाऱ्या वृद्ध कारागिरांशी बोलावे, आणि त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात टिपावेत. जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे प्रवासातील मुक्काम. गावाच्या नावाची व्युत्पत्ती म्हणून त्यावर भार देण्याचे कारण नाही. परंतु पुण्यामुंबईची आणि पुराणे-चित्रपटांतील रूपे ज्या ठिकाणी थांबून, नवे नाव घेऊन पुढे गेली, ते हेच गाव होय. त्या मुक्कामाची नोंदवही अजून कोणी लिहिलेली नाही. जुने साचे ठेवलेले आहेत आणि त्यांची नावे सांगणारी माणसे आहेत, तोवरच ती लिहून घेता येईल.